कासवाचं घर आणि लंडनचं ऊन

मागच्या शनिवारी मी पुस्तकांचं एक जुनं कपाट उताणं पाडलं, मधल्या फळ्या उखडल्या, आत प्लॅस्टिक अंथरलं आणि वर दहा सेंटीमीटर माती ओतली. बायकोने विचारलं, "हे काय, घरात वांगी लावतोयस का?" म्हटलं, "नाही, कासवाचं घर आहे." त्यावर तिने ज्या नजरेने पाहिलं ती विवाहित वाचकांना समजावून सांगायची गरज नाही :)

तर मंडळी, कासव आमचं नाही. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो तिथे शेजारी एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या नातीला वाढदिवसाला कासव मिळालं. हर्मन जातीचं, चार वर्षांचं, तळहातावर मावेल एवढं, आणि रीतसर सरकारी दाखल्यासकट. पण आठवड्यातले पाच दिवस ते आजींकडे असतं. त्याच्या सामानाची यादी घेऊन आजी आमच्या दारात आल्या. दोन प्रकारचे दिवे, थर्मामीटर, टायमर, माती... "तू इंजिनिअर आहेस ना, बघ जरा." (सॉफ्टवेअरवाल्याला खिळा ठोकता येतो हा समज जगभर आहे.)

यादी वाचून त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी हे असलं काही नव्हतं. एक खोका, त्यात वाळलेलं गवत, झालं. आम्हीही पाळलं होतं की."

मी सहज विचारलं, "किती वर्षं जगलं?"

त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "एक उन्हाळा. हिवाळ्यात झोपलं ते उठलंच नाही. झोपलंय समजून मी जूनपर्यंत वाट पाहिली."

हे ऐकल्यावर नुसतं कपाट पाडून मोकळं होणं जमेना. माझंही एक कासव होतं आणि त्याचीही गोष्ट फारशी वेगळी नाही; पण ती शेवटी सांगतो. तीन रात्री वाचत बसलो. एवढ्या साध्या गोष्टी माणसाला इतक्या उशिरा का कळल्या, हे मला जाणून घ्यायचं होतं. सापडलं ते जरा चमत्कारिक होतं. त्या उशिरा कळल्याच नव्हत्या. खूप आधी कळल्या होत्या, फक्त कासवाच्या घरापर्यंत पोचल्या नव्हत्या.

*

इंग्लंडमध्ये कासव पाळायची हौस जुनी आहे. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम लॉड यांनी १६३३ साली लंडनच्या लँबेथ पॅलेसमध्ये एक कासव आणलं. लॉडसाहेबांचं डोकं १६४५ मध्ये उडवलं गेलं, कासव मात्र १७५३ पर्यंत जगलं असं सांगतात. गेलं तेही म्हाताऱ्या वयाने नाही, माळ्याच्या हलगर्जीपणाने. कवच अजून तिथे जपून ठेवलेलं आहे.

पण सगळ्यात नावाजलेलं कासव म्हणजे टिमथी. हॅम्पशर परगण्यातल्या सेलबोर्न गावी गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) नावाचे एक पाद्री राहायचे. प्रवचनांपेक्षा पक्षी, गांडुळं आणि पावसाच्या नोंदींत जास्त रमणारा माणूस. १७८९ मध्ये निघालेलं त्यांचं 'नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबोर्न' इंग्रजीत आजही वाचलं जातं. टिमथी त्यांच्या आत्याचं. आत्या वारल्यावर मार्च १७८० मध्ये व्हाइट यांनी ते झोपेतून उकरून काढलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैल धक्के देत सेलबोर्नला आणलं. बिचारं गाडीच्या हादऱ्यांनीच जागं झालं.

त्यांनी टिमथीला तराजूत घालून वजनं घेतली. एकदा पाण्याच्या टबात सोडून पाहिलं, तर ते हळूहळू बुडालं आणि तळाशी घाबरून चालू लागलं. (इंग्रजीत पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या कासवाला निरनिराळी नावं आहेत तरी ही अवस्था. मराठीत दोन्ही 'कासव'च, त्यामुळे आपल्याकडे काय होत असेल याची कल्पना करा.) पण त्यांचं एक निरीक्षण मला फार आवडलं. पानगळीच्या दिवसांत, सूर्य खाली उतरला की, टिमथी भिंतीला टेकून आपलं कवच तिरकं करायचं. म्हणजे तिरपं येणारं ऊन पाठीवर जास्तीत जास्त सरळ पडावं. आज आपण सोलर पॅनेल ज्या कारणासाठी तिरकं बसवतो, अगदी त्याच कारणासाठी.

व्हाइट यांना वाटलं, कासवाला ऊब हवी असते. बरोबरच होतं, पण अर्धं. उन्हात ऊब सोडून आणखी काही असतं हे कळायला अजून सव्वाशे वर्षं जायची होती.

व्हाइट १७९३ मध्ये गेले, पाठोपाठ टिमथीही. पुढे कवच तपासल्यावर कळलं की टिमथी नर नव्हतंच, मादी होती! चाळीस वर्षं आत्याबाईंनी आणि तेरा वर्षं इंग्लंडच्या सगळ्यात बारीक नजरेच्या माणसाने सांभाळलं, आणि कुणाला पत्ता नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

आता थोडं मुडदुसाबद्दल. (विषयांतर वाटेल, पण नाही.)

मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ पडून पाय धनुकलीसारखे वाकायचा आजार. कारखान्यांच्या धुराने झाकलेल्या युरोपातल्या शहरांत त्याने थैमान घातलं होतं. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने जाहीर केलं की पाऱ्याच्या वाफेच्या क्वार्ट्झ दिव्याखाली, म्हणजे अतिनील किरणांत, मुलांना बसवलं की मुडदूस बरा होतो. त्याचा एक प्रयोग तर वाचून मी थक्क झालो. त्याने मुलाच्या एकाच हातावर किरण सोडले आणि एक्स-रे काढले, तर दोन्ही हातांची हाडं सुधारलेली! म्हणजे दिवा हाडावर काम करत नव्हता. कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून अंगभर फिरत होतं.

ते 'काहीतरी' म्हणजे ड जीवनसत्त्व. अतिनील किरणांतल्या 'बी' पट्ट्यातले किरण कातडीतल्या एका द्रव्यावर पडले की त्याचं पूर्वरूप तयार होतं आणि अंगाच्या उष्णतेने त्याचं जीवनसत्त्व होतं. ते नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागतं. आपण पगार थांबला की बँकेतली ठेव मोडतो तसं.

आणि कासवाचं कवच म्हणजे काय? वरून घातलेला डबा नव्हे. त्याचा पाठीचा कणा आणि बरगड्या पसरून, एकमेकींना जुळून ते झालेलं असतं. कवच म्हणजे हाड. ठेव मोडायची वेळ आली की कासव स्वतःचं घरच विकायला काढतं.

त्याच दशकात आणखी एक गोष्ट ध्यानात आली: खिडकीची साधी काच हे 'बी' किरण जवळजवळ सगळे अडवते. ऊन दिसतं, ऊब लागते, पण औषध बाहेरच राहतं. म्हणून १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये 'व्हिटा ग्लास' नावाची, अतिनील किरण आत सोडणारी खास काच निघाली.

आणि इथे प्रवेश होतो या लेखाच्या नायिकेचा.

*

जोन प्रॉक्टर. जन्म १८९७, लंडन. लहानपणापासून पोटाच्या दुखण्याने बेजार. तब्येतीमुळे केंब्रिजला जाणं राहिलं. पण पोरगी अशी, की शाळेत असताना मगरीचं पिल्लू पाळलं होतं! ब्रिटिश म्युझियममध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करत करत १९२३ मध्ये, म्हणजे सव्वीसाव्या वर्षी, ती लंडन झूच्या सरीसृप विभागाची प्रमुख झाली. तिथल्या एका कोमोडो ड्रॅगनशी तिची अशी गट्टी की तो राक्षस तिच्या हातून खायचा.

तिने सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी नवी इमारत आखली. ती १९२७ मध्ये उघडली. तिची वैशिष्ट्यं पाहा:

एक, विजेची ऊब सगळीकडे सारखी नाही. एकाच पिंजऱ्यात एक कोपरा गरम, दुसरा थंड, म्हणजे प्राण्याने आपलं आपण ठरवावं.

दोन, अतिनील किरण आत यावेत म्हणून व्हिटा ग्लास.

तीन, प्रेक्षकांचा सज्जा अंधारा आणि उजेड पिंजऱ्यांत.

आता आजींच्या हातातली यादी आठवा. एका टोकाला गरम दिवा आणि दुसरं टोक थंड. अतिनील दिवा, आणि मध्ये काच नको. हे सगळं १९२७ मध्ये लंडनच्या मध्यावर, तिकीट काढून कुणालाही बघता येईल असं उभं होतं! जोन प्रॉक्टर १९३१ मध्ये गेली तेव्हा ती फक्त चौतीस वर्षांची होती.

पुढे १९४४ मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकन संशोधकांनी वाळवंटातले सरडे मोजून मोजून दाखवलं की 'थंड रक्ताचा प्राणी' हे प्रकरण आपण समजतो तसं नाही. उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात ये-जा करून तो आपलं तापमान बरंच नेमकं राखतो. म्हणजे थर्मोस्टॅट त्याच्या डोक्यातच आहे. आपण फक्त दोन्ही टोकं पुरवायची. प्रॉक्टरबाईंच्या इमारतीत हेच तर होतं.

*

मग आजींचं कासव का मेलं?

कारण ते स्वस्त होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून ब्रिटनमध्ये कासवांची आयात सुरू झाली. मोरोक्कोतून, नंतर तुर्कस्तान, ग्रीस, युगोस्लाव्हियातून. टोपल्या भरभरून, एकावर एक. दुसऱ्या महायुद्धानंतर तर लाखांनी आली. मुलांच्या खाऊच्या पैशात मिळायचं. कवचाच्या कडेला भोक पाडून, दोरी ओवून खुंटीला बांधायचे. (वर सांगितलंच, कवच म्हणजे हाड. जिवंत हाड.) बहुतेक पहिल्याच वर्षात मरायची. मेली की पुढच्या वसंतात नवं.

बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात दर पानगळीला कासवाला गवताच्या खोक्यात झोपवायचा सोहळा असायचा. तिथलं पहिलं कासव १९६३ मध्ये आलं, त्याचं नाव फ्रेड. काही दिवसांनी कळलं की फ्रेड मादी आहे, मग नाव झालं फ्रेडा. आणि डेव्हनच्या पॉवडरहॅम किल्ल्यातलं, १८५४ मध्ये सेव्हास्टोपोलवर तोफा डागणाऱ्या जहाजावर असलेलं, २००४ मध्ये सुमारे १६० व्या वर्षी गेलेलं प्रसिद्ध कासव? त्याचंही नाव टिमथी. आणि तीही मादीच! ते १९२६ मध्ये उघडकीस आलं.

हे तीनदा सांगतोय ते विनोदासाठी नाही (बरं, थोडंसं विनोदासाठी). ज्या प्राण्याकडे दोनशे वर्षं एवढं प्रेमाने पाहिलं, त्याच्याकडे आपण नीट पाहिलंच नव्हतं एवढंच म्हणायचं आहे.

यात आमच्या धंद्यातल्या लोकांना ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट आहे. प्रोग्रॅम चुकला आणि तिथल्या तिथे कोसळला तर बरं असतं, चूक लगेच सापडते. खरा त्रास देतो तो चुकीचा असूनही चालत राहणारा प्रोग्रॅम. कासव हा तसला प्राणी आहे. मासा पाणी बिघडलं की दोन दिवसांत उलटा तरंगतो. पक्षी पिसं फुलवून बसतो. कासव मात्र अंधाऱ्या स्वयंपाकघरात, पोळीचे तुकडे खात, महिनोन्महिने 'चालत' असतं. कण्हत नाही, ओरडत नाही. आपण म्हणतो, काय चिवट प्राणी! चिवट कसला, तो ठेव मोडून खातोय. आणि जेव्हा मरतो तेव्हा चूक आठ-दहा महिन्यांपूर्वीची असते, त्यामुळे आपण खापर फोडतो ते शेवटच्या थंडीवर.

चक्र तुटलं १ जानेवारी १९८४ ला. युरोपीय समुदायाच्या नियमाने भूमध्य समुद्राकाठच्या कासवांची व्यापारी आयात बंद झाली. एकाएकी 'पुढच्या वर्षी नवं आणू' हा पर्याय संपला. लोक घरीच अंडी उबवायला लागले. आणि माझ्या मते खरं शिक्षण इथे झालं. पिल्लू झपाट्याने वाढतं आणि त्याच्याकडे मोडायला ठेव नसते. उबदार काचपेटीत ठेवलेल्या पिल्लांची कवचं काही महिन्यांतच मऊ पडायला लागली. चूक आता लगेच दिसत होती.

त्याआधी, १९८० मध्ये, ऑलिफंट जॅक्सन या पशुवैद्याने वजन आणि लांबीचा आलेख छापला होता. त्यावरून कासव शीतनिद्रेत पाठवण्याइतकं सुदृढ आहे का ते ठरवता येऊ लागलं. (गिल्बर्ट व्हाइट आणि त्यांचा तराजू आठवला ना?) १९९० च्या दशकात 'बी' किरण देणाऱ्या ट्यूब दुकानांत सर्रास मिळू लागल्या. त्यातही ठेचा लागल्याच. २००६-०७ च्या सुमारास काही छोट्या दिव्यांचे किरण इतके तीव्र निघाले की प्राण्यांचे डोळे सुजले. मग २०१० मध्ये गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी रानातल्या सरड्या-सापांवर प्रत्यक्ष किती किरण पडतात ते मोजून प्रसिद्ध केलं, आणि 'थोडं ऊन' या शब्दाला आकडा मिळाला.

आणि मातीचं काय? पिल्लांच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात, त्याचं खापर बरीच वर्षं जास्त प्रथिनांवर फोडलं जायचं. २००३ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी आफ्रिकन कासवाची पन्नास पिल्लं निरनिराळ्या दमटपणात आणि निरनिराळ्या खाण्यावर वाढवली. फरक पाडला तो मुख्यतः दमटपणाने, प्रथिनांचा वाटा अगदी किरकोळ. कोरड्या हवेत उंचवटे, दमट हवेत पाठ गुळगुळीत. रानात पिल्लू दिवसाचा बराच वेळ ओलसर मातीत किंवा झुडपाखाली दडून असतं, हे विसरून आपण त्याला वर्तमानपत्रावर वाढवत होतो.

*

तर आता आमचं कपाट. दोन मीटर लांब, साठ सेंटीमीटर रुंद, आणि वरून उघडं. काचपेटी नको, कारण हवा कोंडते. शिवाय काच ही भिंत आहे हे कासवाला कळत नाही, ते दिवसभर तिला धडका देत बसतं. माती साधी, खत न घातलेली, थोडी वाळू मिसळून, खणता येईल एवढी खोल. उजव्या टोकाला दिवा, त्याखाली सपाट फरशी, तिथे ३२ ते ३५ अंश. डाव्या टोकाला २० च्या आसपास. 'बी' किरणांची ट्यूब दिव्याच्याच बाजूला, पाठीपासून साधारण ३५ सेंटीमीटरवर. रानात ऊब आणि किरण एकाच सूर्यातून येतात, म्हणून इथेही दोन्ही एकाच जागी. मध्ये काच नाही, प्लॅस्टिक नाही. दिवसा बारा तास, रात्री सगळं बंद. डाव्या कोपऱ्यात उलटं घातलेलं अर्धं मडकं, त्याखाली माती ओलसर. उथळ बशीत पाणी. खायला डँडेलियन आणि तसलाच रानपाला.

एक सूचना आजींनी स्वतःच्या अक्षरात लिहून कपाटाला चिकटवली: ट्यूब वर्षाने बदलायची. उजेड तसाच दिसत राहतो, 'बी' किरण मात्र उतरत जातात. म्हणजे पुन्हा तेच, चुकीचं असूनही चालत राहणारं प्रकरण.

शीतनिद्रेसाठी हल्ली लोक काय वापरतात माहीत आहे? फ्रिज! खरंच. साधारण ५ अंशांवर लावलेला वेगळा फ्रिज, आत खोक्यात कासव, दर दोन-चार दिवसांनी हवेसाठी दार उघडायचं आणि अधूनमधून वजन करायचं. आजी म्हणाल्या, "म्हणजे आता दार उघडून बघता येतं." त्यानंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

*

आता माझी गोष्ट, थोडक्यात. १९८७ साल, पुणे. मामाने कुठूनतरी एक स्टार कासव आणलं, पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी. आम्ही त्याला उत्तरेच्या गॅलरीत ठेवलं, जिथे ऊन कधी यायचंच नाही. कासव म्हणजे पाण्यातलं, म्हणून आधी घंगाळात पाणी भरून त्यात सोडलं. ते धडपडायला लागल्यावर बाहेर काढलं. दूधभात, पोळी, भिजवलेली डाळ, सगळं प्रेमाने. शंकराच्या देवळात नंदीच्या पुढे दगडी कासव असतं ना, आजी (माझी आजी) म्हणायची, तसंच हे, याला काही होत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात त्याची पाठ दाबली की बोटाखाली दबायची. मला ती गंमत वाटायची. मी मित्रांना दाखवायचो.

ते डिसेंबरात गेलं. "थंडीने गेलं," सगळे म्हणाले.

स्टार कासव आपल्याकडे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. ते विकत घेणं, पाळणं गुन्हा आहे, आणि २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सगळ्यात कडक बंदी आली. तेव्हा हा लेख वाचून कुणी पुण्या-मुंबईत कपाटं उताणी पाडू नयेत ही विनंती. कायदा वगैरे असतो हे तेव्हा आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. पण कायद्यापेक्षा मला दुसरंच टोचतं. पाच पावलांवर गच्ची होती आणि पुण्याचं ऊन फुकट होतं. लंडनवाल्यांना ते निदान विकत आणावं लागलं.

असो. रविवारी संध्याकाळी दिवे लावले आणि आजींनी स्वतःच्या हाताने कासव मातीवर सोडलं. अर्धा तास ते मडक्याखाली बसून राहिलं. मग निघालं, उजवीकडे गेलं, फरशीपाशी थांबलं, आणि कपाटाच्या फळीला एक बाजू टेकवून पाठ तिरकी करून दिव्याकडे धरली.

नातीने विचारलं, याचं नाव काय ठेवू? मी म्हटलं, काहीही ठेव, पण टिमथी नको. आणि चार-पाच वर्षं थांबून मग नक्की कर :)